गांडूळ

ओल्या मातीत राहणारा, वलयांकित शरीराचा, पाठीचा कणा नसलेला प्राणी. ॲनेलिडा म्हणजे वलयी प्राण्यांच्या संघात त्याचा समावेश होतो. जळू त्याची जवळची नातेवाईक. जगात गांडुळांच्या साडेपाच हजारांहून अधिक, तर भारतात चारशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. दोनचार सेंटिमीटरच्या जातींपासून ऑस्ट्रेलियातील गिप्सलँडच्या मीटरभर लांबीच्या जातीपर्यंत सगळ्यांना आपण एकच नाव लावतो. त्यामुळे एका जातीचे गुण दुसरीला सहज चिकटवले जातात. ‘शेतकऱ्याचा मित्र’ ही उपाधीही तशीच सरसकट दिलेली आहे.

भारतात प्राणिशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यानपिढ्या ज्या जातीचे विच्छेदन करत आले ती फेरेटिमा पोस्थ्युमा. आता तिला मेटाफायर पोस्थ्युमा म्हणतात. लांबी सुमारे १५ सेंमी., शरीराचे खंड (वलये) १०० ते १२०. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या १४ ते १६ या खंडांवर क्लायटेलम नावाचा जाड, फुगीर पट्टा असतो. यूरोपातील लुंब्रिकस टेरेस्ट्रिसमध्ये हाच पट्टा ३२ ते ३७ या खंडांवर येतो, त्यामुळे ओळख पटवताना त्याची जागा आधी मोजतात. हालचालीसाठी गोलाकार आणि उभे स्नायू आळीपाळीने आकुंचन पावतात आणि बारीक दृढरोम (ताठ केस) मातीत रुतून पकड देतात. फुप्फुसे नाहीत, श्वसन ओल्या त्वचेतून होते. रक्त लाल असते, पण हिमोग्लोबिन रक्तपेशींत नसून रक्तद्रवात विरघळलेले असते.

लखनौचे प्राणिशास्त्रज्ञ कर्म नारायण बहल यांनी या जातीच्या उत्सर्जनसंस्थेचा बारकाईने अभ्यास केला आणि १९२६ मध्ये या जातीवर प्रबंधिका प्रसिद्ध केली. हिची अनेक वृक्कके (टाकाऊ द्रव गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या) शरीराबाहेर न उघडता आतड्यात उघडतात. टाकाऊ द्रवातील पाणी त्यामुळे आतड्यात पुन्हा शोषता येते. कोरड्या हवामानात तगून राहायला ही सोय मोलाची आहे.

गांडूळ उभयलिंगी असले तरी बहुधा दोन गांडुळे एकमेकांना शुक्राणू देतात. नंतर क्लायटेलममधून पाझरलेल्या द्रवाचे कडे तयार होते. ते पुढे सरकताना अंडी आणि साठवलेले शुक्राणू गोळा करते आणि डोक्यावरून निसटून कोश बनते. त्यातून डिंभ (अळी) नव्हे, थेट छोटे गांडूळ बाहेर येते. कापल्यावर एकाची दोन गांडुळे होतात हा समज मात्र बहुतेक जातींच्या बाबतीत खोटा आहे; पुढच्या भागाला शेपटी फुटू शकते, शेपटीला डोके फुटणे दुर्मीळ.

राहणीवरून गांडुळांचे तीन गट पडतात: पालापाचोळ्यातली, मातीच्या वरच्या थरात आडवी बिळे करणारी आणि खोल उभी बिळे करून रात्री वर येणारी. गांडूळखतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा आणि मूळची आफ्रिकेतील युड्रिलस युजेनी पहिल्या गटातली. शेण आणि पाचोळा त्या झपाट्याने खातात, पण विकत आणून शेतात सोडल्याने जमीन नांगरून देत नाहीत. ते काम उरलेल्या दोन गटांचे. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये वर्णन केले तेही मुख्यतः इंग्लंडमधल्या माती उपसणाऱ्या गांडुळांचेच.

गांडूळ स्वतःहून वर्षाला जेमतेम पाच-दहा मीटर पसरते, समुद्र ओलांडणे तर अशक्यच. म्हणूनच विल्हेल्म मिखाएलसेन या जर्मन अभ्यासकाने गांडूळकुलांच्या वितरणाचा पुरावा आल्फ्रेड वेगेनर यांच्या भूखंडवहनाच्या, म्हणजे एकेकाळी जोडलेले भूखंड पुढे दूर सरकले या कल्पनेच्या बाजूने मांडला.

माणसाने मात्र कुंडीतल्या रोपांबरोबर, जहाजातल्या मातीबरोबर आणि मासेमारीच्या आमिषातून गांडुळे जगभर नेली. दक्षिण अमेरिकेतील पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही जाती आज उष्ण कटिबंधात सर्वत्र आहे, पश्चिम घाटातही. तिला प्रजननासाठी जोडीदार लागतोच असे नाही, त्यामुळे एकटे गांडूळही नवी वसाहत उभारू शकते. उत्तर अमेरिकेच्या हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तर भागात तर स्थानिक गांडुळे जवळजवळ नव्हतीच. तिथली जंगले जमिनीवर साचणाऱ्या जाड पाचोळ्याच्या थरावर वाढली. यूरोपातून आलेली लुंब्रिकस गांडुळे हा थर खाऊन टाकतात आणि त्यात रुजणारी नेची, रानफुले आणि मेपलची रोपे कमी होतात. अलीकडे तिथे पूर्व आशियातील ॲमिंथस गांडुळेही पसरली आहेत. अमेरिकेतील काही राज्यांनी त्यांच्या विक्रीवर आणि वाहतुकीवर निर्बंध घातले आहेत.