वनरस्त्यांचा निचरा

लाकूडतोडीसाठी डोंगरउतारावर काढलेल्या कच्च्या रस्त्यांचे पाणी ओढ्यात न सोडता जंगलाच्या जमिनीत जिरवण्याची पद्धत. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियापासून वॉशिंग्टनपर्यंत, तिच्याकडे मुख्यतः सॅमन माशांमुळे लक्ष गेले.

सॅमनची मादी नदीतळाच्या गोट्यांत खळगा करून अंडी घालते आणि ती गोट्यांनीच झाकते. अंड्यांना प्राणवायू मिळतो तो गोट्यांमधून झिरपणाऱ्या पाण्यातून. रस्त्यावरून धुपून आलेला बारीक गाळ या फटी बुजवतो. मग अंडी गुदमरतात आणि जगलेल्या पिलांनाही वर येता येत नाही. वरचे पाणी निवळले तरी तळातला गाळ सहजी हलत नाही.

दोष बहुधा रस्त्याच्या डोंगराकडील चरात असतो. डोंगर कापल्याने उताराच्या पोटातले पाणी उघड्यावर येऊन चरात उतरते. चर थेट ओढ्याला मिळाला की रस्त्याची माती घेऊन येणारा तो एक नवा ओहोळच होतो. म्हणून ओढ्याच्या अलीकडेच रस्त्याखालून आडवी मोरी (पाणी पलीकडे नेणारा नळ) टाकून हे पाणी खालच्या झाडीत सोडतात. शक्य तेथे चर बुजवून रस्त्यालाच दरीकडे हलका उतार देतात.

सर्वांत मोठे नुकसान होते ते वादळात. ओढा जेथे रस्ता ओलांडतो तेथे त्यालाही रस्त्याखालून मोरीनेच वाट दिलेली असते. तिचे तोंड ओंडक्यांनी तुंबते, ओढा रस्त्यावर चढतो, रस्त्यानेच खाली धावतो आणि भलतीकडे घळ पाडतो. त्यामुळे मोरीच्या आकाराइतकेच, ती तुंबल्यावर पाणी कुठे जाईल हे पाहणे महत्त्वाचे; ते तेथल्या तेथे रस्ता ओलांडून मूळ पात्रात पडावे, अशी सखल जागा ठेवतात. वायव्य अमेरिकेतील संघीय जंगलांसाठीच्या १९९४च्या आराखड्याने नव्या मोऱ्या शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरतील अशा बांधण्याचे बंधन घातले. मोरीचे खालचे तोंड पात्रापासून अधांतरी राहिले, तर मासाही वर जाऊ शकत नाही; तेथे तळ नसलेली कमान बरी.

कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानात १९७८ साली सुमारे ४८,००० एकर जमीन जोडली गेली. तीतील बहुतेक जंगल आधीच तोडलेले होते. तेथील कित्येक जुने रस्ते दुरुस्त न करता मोडण्यात आले: ओढ्यांवरचे भराव उपसले, उतार पूर्ववत केले. नको असलेल्या रस्त्याला हाच पक्का उपाय, मात्र खर्चिक. शिवाय ताज्या उकरलेल्या काठांवरून पहिल्या हिवाळी पावसात थोडा गाळ वाहतोच.