रंगकामाचं कोटेशन: दर नको, आधी माप बघा

आठवड्यातून दोन-तीनदा तरी आम्हाला हा फोन येतो. "तुमचा फुटाचा दर जास्त आहे, दुसरे एक जण बरंच कमी सांगताहेत." आम्ही ते कोटेशन पाठवायला सांगतो आणि बहुतेक वेळा घोळ एकाच ठिकाणी सापडतो. एकाने दर कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या जमिनीच्या क्षेत्रफळावर, लावलेला असतो, दुसऱ्याने प्रत्यक्ष रंगणाऱ्या भिंतींवर. 'चौरस फूट' हा शब्द दोन्ही कागदांवर असतो, पण तो फूट एकच नसतो.

हिशेब करून बघा. 12 बाय 10 ची खोली, उंची 10 फूट. कार्पेट 120 चौरस फूट. चार भिंती मिळून 440, छत 120, एकूण 560. एक दार आणि एक खिडकी मिळून साधारण 40 वजा करा, रंगायचे उरतात 520. म्हणजे कार्पेटच्या चौपटीहून जास्त. 20 बाय 12 च्या हॉलला हेच प्रमाण साडेतीन पटीच्या आसपास येतं, कारण खोली मोठी होते तशी जमिनीच्या मानाने भिंत कमी पडते. टाइल्स लावलेल्या बाथरूममध्ये ते आणखी खाली जातं. म्हणून 'कार्पेट गुणिले साडेतीन' हा अंदाज म्हणून ठीक आहे, पण त्यावर पैसे ठरवू नका. भिंतीवरचा दर कार्पेटवरच्या दराच्या पाव असला, तरी शेवटची रक्कम जवळपास तेवढीच येऊ शकते.

दारं-खिडक्या वजा केल्या आहेत का, हेही विचारा. काही जण करत नाहीत. कडा काढायला वेळ जातो, असं ते सांगतात आणि ते खरंही आहे. आम्ही मात्र उघडी जागा पूर्ण वजा करतो आणि दारं, चौकटी, ग्रिल यांचं ऑइल पेंट वेगळ्या ओळीत लिहितो. त्यामुळे आमचं कोटेशन लांबलचक दिसतं. पण कशाचे पैसे देताय, हे त्यात प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारता येतं.

माप जुळलं की थर बघा. नुसतं 'दोन हात रंग', म्हणजे रंगाचे दोन थर, एवढं पुरेसं नाही. लांबी (भेगा बुजवायचा लगदा) फक्त भेगा-खड्ड्यांत भरणार, की पूर्ण भिंतीला पुट्टीचे दोन हात? प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आहे का? खर्चातला मोठा फरक इथेच असतो. जुनं इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) घट्ट बसलेलं असेल, तर सगळीकडे पुट्टी लावायची गरज नसते. ती कोटेशनमध्ये असेल, तर कारण विचारा. उलट भिंतीवर तळवा घासल्यावर हाताला भुकटी लागली, तर तो थर खरवडून काढल्याशिवाय वरचा रंग टिकणार नाही. अशा भिंतीसाठी खरवडण्याची ओळ नसलेलं कोटेशन स्वस्त नाही, अपुरं आहे. गडद रंगावर फिका द्यायचा असेल, तर तिसरा हात लागू शकतो. तो आधीच लिहून घ्या.

रंगाच्या कंपनीचं नुसतं नाव चालत नाही, कारण एकाच कंपनीचे साध्यापासून भारीपर्यंत अनेक प्रकार असतात. प्रकाराचं पूर्ण नाव आणि किती लिटर, दोन्ही मागा. समजा, डब्यावर एका लिटरला एका हातात 120 चौरस फूट लिहिलंय आणि तुमचं क्षेत्र 2,400 आहे. दोन हातांना 40 लिटर लागतील. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, खडबडीत भिंतीला जास्तच जातं. कोटेशनमध्ये 25 लिटर दिसले, तर एक तर हात कमी पडणार किंवा रंगात पाणी जास्त जाणार.

मजुरीचं मोजमाप कठीण असतं. घासकाम कोणाला दिसत नाही आणि दर पाडायचा झाला की पहिली कात्री तिथेच लागते. पुट्टी नीट वाळू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, धूळ पुसायची आणि मगच प्रायमर. घाई केलेली भिंत संध्याकाळी बाजूने दिवा लावला की लगेच ओळखू येते. म्हणून कामाचे दिवसही कोटेशनमध्ये हवेत. फर्निचर झाकणं आणि शेवटची सफाई कोणाकडे, हेही हवं.

ओल असलेल्या भिंतीचा आम्ही पक्का दर देत नाही, त्यावरून काही ग्राहक नाराज होतात. पण पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय आणि भिंत सुकल्याशिवाय तिच्यावर कोणताही रंग लावला, तरी पोपडे येतात. तेवढी भिंत बाजूला ठेवून बाकीचं काम सुरू करता येतं.

भिंत प्रत्यक्ष बघितल्याशिवाय खर्च कळत नाही, म्हणूनच फोनवर आम्ही दर सांगत नाही. आम्ही येतो, टेपने मोजतो, भिंती ठोकून बघतो आणि खोलीवार मापाचं पत्रक तुम्हाला देतो. काम आम्हाला दिलं नाही, तरी ते पत्रक तुमचंच. तेच इतरांना द्या आणि त्याच मापावर, त्याच थरांवर दर मागवा. दुसऱ्याचं कोटेशन आधीच हातात असेल, तर भेटीच्या दिवशी काढून ठेवा. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवून दाखवतो.