जुन्या अमेरिकन मालगाडीच्या डब्यांचं हुबेहूब मॉडेलिंग

अमेरिकेत एके काळी खरोखर धावलेला मालगाडीचा एखादा डबा, म्हणजे अमुक कंपनीचा, अमुक नंबरांच्या मालिकेतला, अमुक साली जसा दिसायचा अगदी तसाच छोट्या आकारात बनवणं, याला तिकडे प्रोटोटाइप मॉडेलिंग म्हणतात. इथे प्रोटोटाइप म्हणजे रुळांवरचा खरा डबा, कारखान्यात बनवतात तो पहिला नमुना नव्हे. आणखी एक घोटाळा आधीच मिटवून टाकू, आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो पण या नोंदीत बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, प्रत्येक डब्याला दोन असतात ती. जुन्या मराठीत मालडब्याला वाघीण म्हणायचे, काही ठिकाणी अजून म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो.

सगळ्यात जास्त चालणारा आकार एचओ, म्हणजे १:८७.१. खऱ्या डब्याचा एक फूट मॉडेलमध्ये ३.५ मिलिमीटर होतो आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याहून मोठा ओ (अमेरिकेत १:४८), मधला एस (१:६४) आणि लहान एन (१:१६०). पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोळ्यासमोर एचओ लगेच येईल. भारतीय मालगाडीचं मॉडेल याच आकारात करायला घेतलं की पहिली अडचण रुळांचीच येते, कारण १६.५ मिलिमीटर हे अमेरिकेच्या आणि युरोपच्या ४ फूट साडेआठ इंची गेजचं माप आहे, आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे १:८७ मध्ये ती सव्वाएकोणीस मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. बाजारातल्या तयार रुळांवर आपली वाघीण खरी दिसतच नाही ती त्यामुळे.

डबाच का, इंजिन का नाही

इंजिनावर प्रेम सगळ्यांचंच असतं, त्याचे फोटो भरपूर, त्याच्या प्रत्येक नटबोल्टची नोंद कुठे ना कुठे असते. पण एका गाडीला इंजिन एक किंवा दोन आणि मागे डबे साठ, सत्तर, शंभर. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत साधारण वीस लाख मालडबे होते, आणि ते आपापल्या कंपनीच्या रुळांवर बसून नसायचे, माल जिकडे जाईल तिकडे जायचे. टेक्सासच्या कंपनीचा डबा ओहायोमध्ये, मेन राज्यातला कॅलिफोर्नियात. त्यामुळे तुम्ही एखाद्या छोट्याशा लाईनचं मॉडेल करत असलात तरी तुमच्या यार्डात अख्ख्या देशाचे डबे उभे असायला हवेत, आणि प्रत्येक कंपनीचा डबा वेगळा. लांबून सगळे तांबडे खोके वाटतात. जवळ गेलं की एकाचं छप्पर वेगळं, दुसऱ्याच्या टोकाची भिंत वेगळी, तिसऱ्याचा दरवाजा वेगळा.

उंचीचंच घ्या. १९३७ च्या प्रमाण डिझाइनचा चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे चारी बाजूंनी आणि वरून बंद असलेला डबा, आतून १० फूट उंच, नंतरच्या सुधारित प्रकारात ती उंची १० फूट ६ इंचापर्यंत गेली. सहा इंच म्हणजे एचओमध्ये पावणेदोन मिलिमीटर. कुणी म्हणेल एवढ्याने काय होतं, पण दोन डबे शेजारी लावा, फरक लगेच दिसतो, आणि १९२३ च्या डिझाइनचे जुने डबे तर आतून फक्त ८ फूट ७ इंच, म्हणजे साडेदहा फुटीच्या शेजारी उभा केला की जवळजवळ सात मिलिमीटरची पायरी पडते. खऱ्या मालगाडीच्या छपरांची रेघ अशीच वरखाली जायची, आणि एकाच साच्यातले पन्नास डबे पन्नास रंगांत रंगवून ती कधीच मिळत नाही.

आधी साल ठरवायचं

या कामात पहिला प्रश्न "कुठला डबा" हा नसतोच, "कुठलं साल" हा असतो, कारण तोच डबा तीसचाळीस वर्षं चालायचा आणि दर काही वर्षांनी बदलायचा. ब्रेक बघा. जुन्या के ब्रेकमध्ये सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह बहुतेक वेळा एकालाच एक जोडलेले असायचे. १९३३ पासून नव्या डब्यांना एबी ब्रेक आला, त्यात हे तीन भाग डब्याखाली वेगवेगळ्या जागी लटकतात. जुन्या डब्यांनाही हळूहळू तोच बसवला गेला आणि १९५० च्या दशकात के ब्रेकचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाणं बंद झालं. बोगीचं तसंच, पट्ट्या आणि बोल्टांनी जोडलेल्या आर्चबार बोगीवर १९४० च्या सुमारास इंटरचेंजमध्ये, म्हणजे एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर नेताना, बंदी आली, म्हणजे १९४८ सालच्या तुमच्या यार्डात दुसऱ्या कंपनीचा आर्चबारवाला डबा दिसला तर ती चूक आहे, कितीही सुंदर बनवलेला असो. छपरावरची चालायची फळी आधी लाकडाची, युद्धानंतर जाळीदार लोखंडाची, आणि १९६६ पासून नव्या डब्यांना ती लागेनाशी झाली. रीफरवर, म्हणजे बर्फाने माल थंड ठेवणाऱ्या डब्यांवर, मांस, बियर आणि लोण्याच्या कंपन्यांच्या मोठमोठ्या रंगीत जाहिराती असायच्या त्यांच्याविरुद्ध इंटरस्टेट कॉमर्स कमिशनचा, म्हणजे रेल्वेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, निर्णय १९३४ मध्ये आला आणि काही वर्षांत त्या गेल्या. दुकानात हे जाहिरातवाले डबे आजही खूप विकले जातात, दिसतात छानच, पण डिझेल इंजिनामागे जोडलेले बघितले की जीव कासावीस होतो.

एक डबा जवळून: पेनसिल्व्हेनियाचा एक्स२९

पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९२४ पासून एक्स२९ नावाचा पूर्ण पोलादी बॉक्सकार बांधायला घेतला आणि पुढच्या साधारण दहा वर्षांत असे जवळपास ३०,००० डबे झाले. पूर्वेकडचं कुठलंही यार्ड करायचं तर हा डबा हवाच, त्यामुळे शिकायलाही हाच उत्तम. सुरुवातीच्या डब्यांची टोकं सपाट पत्र्याची, रिव्हेटच्या ओळी स्पष्ट दिसणारी, नंतरच्यांची नालीदार ड्रेडनॉट पद्धतीची. दरवाजे आधी तीन तुकड्यांचे क्रेको, मग पन्हाळी पत्र्याचे यंगस्टाउन. म्हणजे नुसतं एक्स२९ म्हणून भागत नाही, नंबर सांगावा लागतो, कारण नंबरावरूनच कळतं की टोक कुठलं आणि दरवाजा कुठला.

मग येतो गंज. या डब्यांच्या बाजूच्या पत्र्याची खालची कड गंजून जायची, तेव्हा वर्कशॉपमध्ये त्या कडेवर पट्टीसारखा नवा पत्रा रिव्हेट करून ठेवत. जुन्या फोटोत हे ठिगळ स्वच्छ दिसतं. मॉडेलमध्ये ते कागदाइतक्या पातळ स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) पट्टीने करायचं, कड घासून जवळजवळ नाहीशी करायची, आणि रिव्हेटसाठी रेझिनच्या ठिपक्यांचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील पट्टी) मिळतात ते ओळीने चिकटवायचे. ठिपका साधारण तिळाच्या टोकाएवढा, चिमट्याने धरून, भिंगाखाली. एका बाजूला एक अख्खी संध्याकाळ जाते. पण रंग चढल्यावर तो डबा तीस वर्षं वापरलेला वाटायला लागतो, नुसता मळलेला नाही, दुरुस्त करून करून वापरलेला. अक्षरंही सालाप्रमाणे, १९५४ च्या आधी गोलातला कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचं कंपनीचं चिन्ह), नंतर सावलीवाला मोठा कीस्टोन, आणि जुने डबे पुन्हा रंगवायची पाळी येईपर्यंत जुन्याच रूपात फिरत राहायचे, त्यामुळे १९५६ च्या यार्डात दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

माहिती मिळते कुठून

सगळ्यात मोठा आधार ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर. हे जाडजूड पुस्तक वर्षातून अनेकदा निघायचं, स्टेशनमास्तर आणि माल पाठवणाऱ्यांच्या कामासाठी, आणि त्यात प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक नंबर मालिकेची लांबी, उंची, दरवाजाची रुंदी, क्षमता आणि त्या वेळी किती डबे चालू आहेत ते दिलेलं असायचं. जुन्या काही अंकांचं पुनर्मुद्रण झालेलं आहे. त्यात एखाद्या मालिकेसमोर तीनच डबे उरलेले दिसले की तो डबा बनवण्याआधी माणूस दोनदा विचार करतो.

दुसरा आधार फोटो. बांधणाऱ्या कंपन्या नवा डबा बाहेर काढला की बाजूने एक स्वच्छ फोटो काढत, तो मापांना चांगला पण मळ शून्य. चालत्या डब्यांसाठी जॅक डेलानोने १९४२-४३ मध्ये सरकारसाठी शिकागोच्या यार्डांमध्ये काढलेले फोटो बघावेत, त्यातले काही रंगीत आहेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून मोठ्या आकारात मोफत उतरवता येतात, आणि झूम केलं तर डब्यांवरची अक्षरं वाचता येतात. छपरं कशी काजळलेली असायची, शेजारच्या दोन डब्यांचा तांबडा किती वेगळा असायचा, हे तिथे कळतं.

त्या तांबड्याबद्दल थोडं. बॉक्सकार रेड म्हणजे मुळात लोहऑक्साइडचा रंग, आपल्या गेरूच्याच जातीचा, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून घेतलेला. पण एकीकडे तो विटकरी, दुसरीकडे चॉकलेटी, तिसरीकडे जवळजवळ नारिंगी. एकाच बाटलीतून सगळे डबे रंगवणं ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि ती सुधारायलाही सगळ्यात सोपी.

हाताने करायचं काम

किट तीन प्रकारचे मिळतात. प्लास्टिकचे, कॅडी, इंटरमाउंटन, अ‍ॅक्युरेल, टिची वगैरेंचे. कमी खपणाऱ्या डब्यांसाठी रेझिनचे, यात वेस्टरफील्ड आणि फुनारो अँड कॅमरलेंगो ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी असतात. आणि आता थ्रीडी प्रिंट केलेले. रेझिनचे भाग आधी भांडी घासायच्या साबणाने धुवायचे, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. चिकटवायला प्लास्टिकचा सिमेंट चालत नाही, फेविक्विकच्या जातीचा गोंद लागतो, आणि घासताना मास्क लावायचाच, ती धूळ फुप्फुसात जाणं वाईट.

खरी कसोटी कडेच्या सळयांची. माणसाने धरून चढायच्या या लोखंडी सळया कुठे आणि किती असाव्यात हे १९११ साली सरकारी नियमाने ठरलं, त्यामुळे त्या मनाला येईल तिथे लावता येत नाहीत. खरी सळई पाऊण इंच जाड म्हणजे एचओमध्ये ०.२२ मिलिमीटर, आणि वापरायची तार ०.२५ ते ०.३२ मिलिमीटरची, थोडी जाड पण हाताला झेपणारी. भोक ८० नंबरच्या ड्रिलने, हाताने फिरवायच्या छोट्या चकमध्ये धरून. जोर लावला की ड्रिल मोडतं. स्वस्त मॉडेलवर या सळया भिंतीतच कोरलेल्या असतात, त्या सुरीने खरवडून काढायच्या आणि तारेच्या लावायच्या, एवढं एकच काम केलं तरी डबा निम्म्याने खरा वाटायला लागतो.

चाकांत मात्र तडजोड करावीच लागते. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन (स्थापना १९३५, मिलवॉकी) च्या नेहमीच्या मापात चाकाची रुंदी ०.११० इंच, म्हणजे २.८ मिलिमीटर, प्रमाणात ती दीड-पावणेदोन मिलिमीटरच हवी. तेवढं अरुंद चाक साध्या सांध्यांवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, घसरतं, म्हणून बरेच लोक मधलं ०.०८८ इंची घेतात, मागून बघितलं तरी डोळ्यात खुपत नाही. वजनाचाही त्याच संस्थेचा सल्ला आहे, एचओसाठी एक औंस आणि वर लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी डबा म्हणजे साधारण ११० ग्रॅम. हलका ठेवला तर वळणावर लांब गाडीत आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो.

रंगानंतर डिकलसाठी आधी चकचकीत थर, मग डिकल, मग ते मऊ करून रिव्हेटवर बसवणारं द्रावण, शेवटी मॅट थर. आणि मळवणं सगळ्यात शेवटी, पातळ ऑइल रंग, पावडर, एअरब्रश, ज्याला जे जमेल ते. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांकडून सुटते. डब्याचं रिकामं वजन ठरावीक काळाने पुन्हा करत आणि बाजूवर नवा आकडा, ठिकाणाची खूण आणि महिना-साल लिहीत. त्यासाठी जुन्या अक्षरांवर ताज्या रंगाचा छोटा चौकोन मारत. म्हणजे अख्खी बाजू धुळीने माखलेली आणि मध्ये हातभर स्वच्छ तांबडं ठिगळ, त्यावर पांढरीशुभ्र तारीख. आधी डबा मळवायचा, मग तो चौकोन करायचा. आणि तारीख तुमच्या सालाच्या पुढची नको, १९५० च्या यार्डात १९५३ ची तारीख कुणीतरी हमखास वाचतो.

गाडी लावताना

डबे तयार झाले की कुठले किती हा प्रश्न येतो. बॉक्सकार देशभर फिरायचे, त्यामुळे परक्या कंपन्यांचे बॉक्सकार त्या कंपन्यांच्या एकूण संख्येच्या प्रमाणात ठेवावेत असा एक प्रचलित विचार आहे आणि तो बराचसा पटतो. म्हणजे पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रलचे खूप, आणि पन्नास डबे असलेल्या गावठी लाईनचा एखादाच, कितीही गोड असला तरी. कोळशाच्या हॉपरला, म्हणजे तळातून रिकाम्या होणाऱ्या उघड्या डब्यांना, हे लागू नाही, ते खाणीपासून बंदरापर्यंत किंवा वीजघरापर्यंत ठरलेल्या वाटेवर जायचे आणि आपल्या भागातच राहायचे. रीफर मोसमाप्रमाणे. युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक यांनी मिळून १९०६ मध्ये काढलेल्या पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचे नारिंगी डबे कॅलिफोर्नियाची संत्री आणि लेट्यूस घेऊन पूर्वेकडे यायचे, पंचवीस पंचवीसच्या रांगेत, वाटेत ठरलेल्या स्टेशनांवर छपरातून बर्फ भरत. त्यामुळे पूर्वेच्या यार्डात असा एकटाच नारिंगी डबा उभा करायचा असेल तर तो भाजीबाजाराच्या सायडिंगवर, बर्फाची झाकणं उघडी टाकून, रिकामा झालेला दाखवावा, परत पश्चिमेला जायच्या वाटेवरचा.