मोफत बचाव वकील (ग्रामीण विदर्भ)

तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकेल अशा खटल्यात वकील लावण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद ३९-अ आला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, पण लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे तुरुंगातल्या माणसाच्या घरच्यांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसिलीत हेलपाटे घालायला लावणे चूकच.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करतात. कैद्याला तो तुरुंगातूनही करता येतो. मात्र अर्ज केला नाही म्हणून हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुक दास खटल्यात (१९८६) सांगितले. त्याआधी खत्री खटल्यात (१९८१) आरोपीला पहिल्यांदा हजर करतानाच दंडाधिकाऱ्याने त्याला या हक्काची माहिती द्यावी, असे बजावले होते. विदर्भात खरी अडचण इथेच येते. मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडकडच्या माडिया माणसाला कोर्टातली मराठी पुरती उमगत नाही. ‘वकील पाहिजे का?’ हे कळलेच नसेल, तर त्याने नुसती मान हलवली ते उत्तर धरू नये. आधी दुभाषी बोलवावा.

पूर्वी ही कामे पॅनेलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले वकील आपली वकिली सांभाळून करत. २०२२ च्या योजनेनंतर जिल्ह्याच्या ठिकाणी आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या पूर्णवेळ वकिलांची लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली. तरी वकीलपत्र दाखल झाले म्हणजे बचाव झाला असे नाही. कुऱ्हाड जप्तीचा पंचनामा घ्या. पंच घटनास्थळी होते की त्यांनी ठाण्यात बसून सह्या केल्या, कुऱ्हाड कुणी काढून दिली, तिला सील केव्हा लागले, हे सगळे उलटतपासातच बाहेर येते. त्यासाठी वकिलाने तारखेच्या आधी तुरुंगात जाऊन आरोपीशी बोललेले असावे लागते. धारणीचा आरोपी अमरावतीच्या कारागृहात असेल, तर घरच्यांना भेटीसाठी अख्खा दिवस आणि मजुरी घालवावी लागते. म्हणून ही भेट वकिलाचीच जबाबदारी. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेला वकील आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या अनोखीलाल निकालात (२०१९) म्हटले आहे.

जामीन मंजूर होऊनही सातबारावाला जामीनदार न मिळाल्याने माणूस आतच राहतो. अशा वेळी अट शिथिल करून घेण्याचा अर्ज हेही याच वकिलाचे काम.

शिक्षा झाल्यावर निकालपत्राची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकील मिळतो. हे तत्त्व हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र (१९७८) या खटल्यात ठरले. विदर्भातल्या सत्र न्यायालयांनी दिलेल्या शिक्षेवरचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात चालते. ते तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवता येते.