डोळे येतात ते हातातून

पावसाळा सुरू झाला की मुलांच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. वर्गात दोघातिघांचे डोळे आलेत, तरी ज्यांना आलेत त्यांनी काळा चष्मा लावून यावं म्हणजे बाकीच्यांना लागण होणार नाही. हे वाचून मला दरवेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण चष्मा लावून आलेलं पोर दिवसभर त्याच हाताने चष्मा वर सरकवतं, डोळा चोळतं आणि शेजारच्याकडे खोडरबर मागतं. डोळ्यात बघितल्याने डोळे येत नाहीत. नजरेतून व्हायरस जात नाही. काळा चष्मा असतो तो ज्याचे डोळे आलेत त्याला उजेड सहन होत नाही म्हणून, दुसऱ्याला वाचवायला नाही.

2023 च्या जुलैत आळंदीला डोळ्यांची साथ आली तेव्हा थोड्याच दिवसांत हजारो पेशंट झाले आणि मग राज्यभर तेच. अशा साथी नव्या नाहीत, 1969 साली घानामध्ये एक मोठी साथ आली, त्याच सुमारास अपोलो 11 चंद्रावर उतरलं म्हणून लोकांनी त्या रोगाला अपोलो नाव दिलं, आणि 1971 ला कलकत्त्यात हाच रोग पसरला तेव्हा लोक त्याला बांगलादेश मुक्तिसंग्रामातल्या घोषणेवरून ‘जय बांगला’ म्हणायचे. नावं बदलली, पण रस्ता तोच राहिला. डोळ्यातलं पाणी आणि चिपडं हाताला लागतात, हातावरून नळाला, मोबाईलला, टॉवेलला, तिथून दुसऱ्याच्या हाताला आणि त्या हातावरून डोळ्यात. आपण चेहऱ्याला किती हात लावतो ते आपल्या लक्षातच येत नाही. 2015 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मेडिकलच्या मुलांवर नजर ठेवली तर सरासरी तासाला 23 वेळा निघाले, आणि ही मेडिकलची मुलं!

आता यावर बरेच जण म्हणतात की आम्ही सॅनिटायझर लावतो ना. इथेच खरी गंमत आहे आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच.

व्हायरस ढोबळमानाने दोन प्रकारचे. कोरोना आणि फ्लूच्या व्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते त्याने आपल्याच पेशीच्या पडद्यांतून ओढून घेतलेलं असतं. त्याची जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर आणि त्यात चरबीच्या रेणूंचे दोन थर, पण हे रेणू एकमेकांना चिकटवलेले नसतात बरं का, त्यांच्या शेपट्यांना पाणी नको असतं म्हणून त्या आतल्या बाजूला तोंड करून एकत्र दडून बसतात, एवढंच. साबणाच्या रेणूलाही अशीच शेपटी असते, साधारण 12 ते 18 कार्बनची, आणि डोकं मात्र पाण्याची आवड असलेलं. ही शेपटी पाण्यापासून लांब पळायला जागा शोधते आणि सरळ त्या आवरणात घुसते. एक घुसली, दहा घुसल्या, मग आवरण फाटतं, चरबीचे तुकडे साबणाच्या बारीक गोळ्यांत गुंडाळले जातात आणि व्हायरस निकामी. आजी रिठ्याने आणि शिकेकाईने केस धुवायची तेव्हा तेल निघायचं तेही याच तत्त्वावर. अल्कोहोलही आवरण विस्कटतं आणि प्रथिनं बिघडवतं, म्हणून कोरोनाच्या काळात सॅनिटायझर चांगला चालला.

पण साथीत डोळे येतात ते बहुतेक ॲडिनोव्हायरस नाहीतर एन्टेरोव्हायरसमुळे, आणि या दोघांना ते आवरणच नाही! बाहेर सगळी प्रथिनांची तटबंदी. ॲडिनोव्हायरसची रचना तर इतकी सुंदर आहे की मी तासभर बोलू शकतो. 20 त्रिकोणी बाजू, 12 कोपरे, एकूण 252 ठोकळे, त्यातले 240 असे की प्रत्येकाला सहा शेजारी, आणि कोपऱ्यावरच्या 12 जणांना पाच. फुटबॉल आठवा, त्यावर काळे पंचकोन 12 च असतात, कारण षटकोन आणि पंचकोन एका शिरोबिंदूत तीन-तीन असे जोडून बंद गोळा करायचा तर पंचकोन बरोबर 12 च लागतात, षटकोन कितीही चालतील, हे भूमितीनेच ठरवून टाकलेलं आहे. व्हायरसलाही त्यातून सुटका नाही. तर मुद्दा असा की या तटबंदीत साबणाच्या शेपटीला घुसायला चरबीच नाही. अल्कोहोलचाही इथे भरवसा नाही, एन्टेरोव्हायरस तर फारच चिवट. कोरड्या प्लास्टिकवर ॲडिनोव्हायरस कित्येक दिवस टिकतो.

मग हात धुवून उपयोग काय? भरपूर उपयोग आहे, फक्त कारण वेगळं आहे. व्हायरस हातावर बसतो तो त्वचेच्या तेलकटपणात आणि डोळ्यातल्या चिकट पाण्यात. साबण ते तेल सुटं करतो, चोळल्याने व्हायरस उचकटतो आणि वाहतं पाणी त्याला घेऊन जातं. मेला नाही तरी गटारात गेला, आपल्याला तेवढंच हवंय. म्हणून 20 सेकंद सांगतात ते मारायला वेळ लागतो म्हणून नाही, अंगठे, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या चोळायला तेवढा वेळ जातो म्हणून. गरम पाणी लागत नाही. पाणी कमी असेल तर कुणीतरी तांब्याने वरून घालावं, पण सगळ्यांनी एकाच बादलीत हात बुचकळू नयेत.

बाटलीवर 99.9 टक्के जंतू मारतो लिहिलेलं असतं त्याचंही बघा. दहा लाख व्हायरस असतील तर हजार उरले, आणि बऱ्याचदा तो आकडा बॅक्टेरियाच्या चाचणीतला असतो, व्हायरसच्या नाही. जवळ पाणी नसेल तर सॅनिटायझर लावा, नाही म्हणत नाही, पण डोळ्यांच्या साथीत त्यावर विसंबू नका.

आणि डोळ्यात मध, आईचं दूध, गुलाबपाणी असलं काही घालू नका, कितीही प्रेमाने सांगितलं तरी. मेडिकलमधून मनाने स्टिरॉइडचे ड्रॉप आणणं त्याहून वाईट, त्याने लाली उतरते आणि बरं वाटतं पण व्हायरस जास्त दिवस रेंगाळू शकतो. ॲण्टिबायोटिक ड्रॉपचाही व्हायरसवर परिणाम नाही. दुखणं वाढलं, उजेड अजिबात सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

घरात एकाला आले की त्याचा टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा, मुलाचा डोळा पदराने पुसायचा नाही, कापूस घ्यायचा आणि फेकून द्यायचा, काजळाची डबी कुणाला द्यायची नाही. डॉक्टरांनी ड्रॉप दिले असतील तर घालायच्या आधी आणि नंतर हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, आणि ती बाटली घरातल्या दुसऱ्या कुणालाही वापरू देऊ नका, त्याचे डोळे तुमच्याच बरोबर आलेले असले तरीही.