गरम झरे, ई-क्लास जमीन आणि खालची उष्णता

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून ऊर्जा मिळवण्याचं धोरण, जाहीर केलं आणि देशातल्या 381 गरम झऱ्यांची यादी पुन्हा चर्चेत आली. त्यातलं विदर्भाच्या वाट्याला फार काही येत नाही. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवर दोन राज्यांत विभागलेलं सालबर्डी. यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यातलं कायर. आणि पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर. खरूज-नायट्यावर उतारा म्हणून यवतमाळकडची माणसं पिढ्यान्पिढ्या तिथं आंघोळीला जातात.

या झऱ्यांतली उष्णता ज्वालामुखीची नाही. पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. सालबर्डी गाविलगडच्या भ्रंशरेषेवर, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या लांब भेगेवर आहे. कायरचा परिसर वर्धा-गोदावरी खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातला. याच पट्ट्यात खाली तेलंगणातल्या मणुगुरूला सिंगरेणी या कोळसा कंपनीनं गरम पाण्यावर चालणारा 20 किलोवॅटचा प्रायोगिक वीजसंच बसवला आहे. आपल्याकडच्या झऱ्यांचं पाणी मात्र चाळीस अंशांच्या आगेमागे असतं. अलास्कातल्या चेना इथं 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज होते, आणि तेच फार कमी तापमान मानलं जातं. म्हणजे इथं वीज हवी तर खोल भोकं पाडावी लागतील. ती कोणाच्या जमिनीत, हा पुढचा प्रश्न.

जगात या विजेची सुरुवात इटलीतल्या लार्डेरेल्लोला झाली. 1904 मध्ये तिथं वाफेवर पाच दिवे पेटले. धूर नाही, राख नाही, म्हणून ही ऊर्जा स्वच्छ ठरली, आणि कोळशाशी तुलना केली तर ती स्वच्छ आहेच. कोळसाखाणींच्या घुग्घुस किंवा वणीच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. दुखणं पाण्याचं आहे. न्यूझीलंडमध्ये वैराकेईचं केंद्र 1958 मध्ये सुरू झालं. उपसलेलं पाणी परत जमिनीत न सोडता नदीला दिलं. शेजारच्या खोऱ्यातली उष्ण कारंजी बंद पडली आणि एका भागात जमीन चौदा मीटरच्या आसपास खचली. कॅलिफोर्नियातल्या गीझर्स क्षेत्रात 1960 पासून वाफ काढली. 1980 च्या दशकाअखेर तिचा दाब उतरला, तेव्हा शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नळानं आणून खाली सोडावं लागलं.

अमेरिकेनं 1970 मध्येच सरकारी जमिनीखालची वाफ भाडेपट्ट्यानं देण्याचा कायदा केला. तरी भांडण चुकलं नाही. नेवाडातल्या डिक्सी मेडोजमध्ये सरकारी जमिनीवरच्या प्रकल्पाला नोव्हेंबर 2021 मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल 2022 मध्ये तिथल्याच झऱ्यांवर जगणाऱ्या भेकाला तातडीनं संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. जमीन एका खात्याची, जीव दुसऱ्या खात्याचा. हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

भारतात सरकारनं 1966 मध्ये गरम झऱ्यांसाठी समिती नेमली. 1973 पासून लडाखमधल्या पुगा खोऱ्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं शोध घेतला, तो जवळपास पन्नास वर्षं कागदावरच राहिला. 2021 मध्ये ओएनजीसीनं तिथं 1 मेगावॅटच्या वीजप्रकल्पाचा करार केला. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, भोक पाडताना दाबाखालचं पाणी उसळलं आणि पुगा नाल्यात गेलं. पुगा चांगथांग अभयारण्यात येतं.

आता आपली जमीन. सालबर्डी आणि कायर दोन्ही वऱ्हाडातली गावं. निजामाकडून 1853 च्या करारानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि पुढे जमिनीची इंग्रजी अक्षरांनी वर्गवारी झाली. गायरानाला तलाठी आजही ‘ई-क्लास’च म्हणतो. नागपूरकडच्या सहा जिल्ह्यांत अशा जमिनीची नोंद ‘झुडपी जंगल’ म्हणून झाली. ते वनच, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये पुन्हा ठरवून दिलं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 नुसार वाहतं पाणी सरकारचं, कलम 48 नुसार खनिजही सरकारचं. गावाच्या हाती उरतं निस्तार पत्रक, म्हणजे गावच्या पडीक जमिनीच्या वापराचा कागद, आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे वहिवाटींची नोंद. पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या वहिवाटी या दुसऱ्या कागदात लिहिल्या जातात, पण त्या सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनी-पाण्यातल्या. म्हणून सरकारी जागेतल्या कुंडातली आंघोळ त्यात बसेलच असं नाही.

प्रकल्प आलाच तर इथं दोन गोष्टी आधी बघाव्या लागतील. एक, फ्लोराइड. खोल, गरम पाण्यात ते बहुधा जास्त असतं, आणि पांढरकवडा भागात पिवळ्या दातांची पोरं आधीच आहेत. वर काढलेलं पाणी परत खालीच गेलं पाहिजे, नाल्यात नाही.

दुसरी गोष्ट बोअरची. मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात प्रकल्प नसतानाच पाणी खोल गेलं आहे. संत्र्याचा आंबिया बहार वाचवायला उन्हाळ्यात बोअरची गाडी बोलावतात, कॉम्प्रेसरमधून राखाडी भुकटी उडत राहते, शेतकरी तिचा रंग बघत उभा असतो, आणि संध्याकाळी ‘फेल गेला’ एवढंच कानावर येतं. न्यूझीलंडच्या रोटोरुआत उष्ण कारंजं मंदावलं ते वीजकेंद्रामुळं नाही, घरोघरच्या बोअरमुळं. 1986 मध्ये सरकारनं कारंज्याभोवती दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या आणि पाणी पुन्हा उसळू लागलं. आपल्या कायद्यात पिण्याच्या सार्वजनिक स्रोताभोवती 500 मीटरचं संरक्षण आहे. गरम कुंडाचं पाणी पिण्याचं नसल्यानं ते त्यात बसत नाही.