केर्ता गोसा: न्यायासनावरचं चितारलेलं छत

बालीतल्या सेमारापुरा शहरात, क्लुंगकुंगच्या जुन्या राजवाड्याच्या कोपऱ्यावर चहूबाजूंनी उघडा, उंच जोत्याचा एक मंडप आहे: केर्ता गोसा. यातला ‘गोसा’ म्हणजे आपला घोष. निवाडा पुकारायची ही जागा.

बालीतल्या गेलगेल या जुन्या राज्याची सत्ता बंडाळीत मोडली आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या राजघराण्याने क्लुंगकुंगला बस्तान हलवलं. राज्य आटलं तरी मान उरला. इथल्या राजाला, म्हणजे ‘देवा आगुंग’ला, बालीचे बाकीचे राजे थोरला मानत. म्हणून इतरत्र न सुटलेले खटले इथे येत आणि ब्राह्मण पुरोहित न्यायाला बसत.

आरोपीने मान वर केली की छतावर चित्रांच्या रांगाच रांगा. तळाशी तंत्रीच्या गोष्टी, म्हणजे पंचतंत्राच्याच नात्यातल्या. त्यांच्यावर ‘भीम स्वर्ग’. आपल्या महाभारतात न सापडणारी ही कथा मला फार जवळची वाटते. पंडू आणि माद्री नरकात पडलेत आणि कुंतीच्या सांगण्यावरून भीम त्यांना सोडवायला निघतो. काळ्यापांढऱ्या चौकटीचं वस्त्र, अंगठ्याचं लांबलचक नख. गर्दीतही तो लगेच ओळखू येतो. पापी जिथे उकळताहेत त्या गायीच्या तोंडाच्या कढईचं नाव ‘तांब्र गोमुक’: ताम्र आणि गोमुख! भीम ती कढईच उलथवतो. नुसती दहशत बसवायची असती तर शिक्षांची चित्रं पुरली असती. इथे आईबापांसाठी यमाच्या सैन्याशी भिडणारा मुलगाही आहे. त्याच्याही वर अमृताच्या शोधातला गरुड, भूकंपाचे शकुन, मग स्वर्ग आणि अगदी माथ्याला कमळ.

२८ एप्रिल १९०८ रोजी डच फौजेसमोर राजा आणि त्याची माणसं शरण न जाता मरणाला सामोरी गेली. बालीत याला ‘पुपुतान’ म्हणतात. राजवाडा पाडला गेला. हा मंडप, शेजारचा पाण्यातला ‘बाले कांबांग’ मंडप आणि मोठा दरवाजा एवढंच वाचलं. डचांनी न्यायालय इथेच १९४२ पर्यंत चालवलं.

आज दिसणारी चित्रं मात्र त्या राजांच्या काळातली नाहीत. मूळची कापडावरची होती. जवळच्या कामासान गावचे चितारी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेत: कापडाला तांदळाची खळ लावायची, वाळवायचं, कवडीने घोटायचं, मग रेघ ओढायची. १९३० साली त्यांनीच कापडाच्या जागी ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर सगळं नव्याने काढलं आणि १९६० मध्ये पुन्हा एकदा रंगवलं.